मोजपट्टी कोणाच्या हाती

फॉर्म्युला वन ही एकेरी आसनाच्या, उघड्या चाकांच्या मोटारींची जागतिक शर्यत-मालिका १९५० पासून चालू असून तिचे नियम करणे, ते मोडणाऱ्याला शासन करणे आणि जगज्जेतेपद बहाल करणे ही तिन्ही कामे एफआयए हा आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ करतो. १९०४ साली पॅरिसमध्ये ज्याचे मूळ रुजले त्या या महासंघावर गेली जवळजवळ तीस वर्षे एकच आरोप फिरून फिरून होत आला आहे, तो म्हणजे इटलीच्या फेरारी संघाला तो झुकते माप देतो. आणि हा आरोप इतका रूढ झाला की संस्थेच्या आद्याक्षरांचा ‘फेरारी इंटरनॅशनल असिस्टन्स’ असा विस्तार शर्यतप्रेमींच्या तोंडी बसला. आरोप खरा की खोटा हे ठरवण्यासाठी पदाधिकाऱ्यांच्या मनात काय होते याचा शोध घेऊ गेल्यास हाती काही लागत नाही. मनातला हेतू सिद्ध करता येत नाही आणि नाकारताही येत नाही. तपासता येते ती संस्थेची रचना, आणि या प्रश्नाचे खरे उत्तर तिथेच आहे.

आरोप करणाऱ्यांच्या पदरी पुरावा नाही असे नव्हे. २००३ साली हंगामाच्या केवळ तीन शर्यती उरल्या असताना टायरची रुंदी शर्यतीनंतरही मोजली जाईल असे महासंघाने जाहीर केले, त्याचा फटका मिशेलिन टायर वापरणाऱ्या प्रतिस्पर्धी संघांना बसला आणि ब्रिजस्टोन टायरवर धावणाऱ्या फेरारीच्या मायकेल शूमाखरने ९३ विरुद्ध ९१ अशा दोन गुणांच्या फरकाने विजेतेपद राखले. २००६ साली फेरारीच्या प्रतिस्पर्धी रेनॉ संघाने मोटारीच्या आत स्प्रिंगवर टांगलेले एक वजन बसवले होते, ज्यामुळे खाचखळग्यांवरही मोटार स्थिर राहत असे. जर्मनीतील शर्यतीच्या पंचांनी ते वैध ठरवले, तेव्हा महासंघाने स्वतःच नेमलेल्या पंचांच्या निर्णयाविरुद्ध स्वतःच्याच अपील न्यायालयात दाद मागून ते बंद पाडले. २००७ साली फेरारीची शेकडो पानांची तांत्रिक कागदपत्रे मॅक्लारेन संघाच्या मुख्य डिझायनरकडे सापडली आणि मॅक्लारेनला दहा कोटी डॉलरचा दंड झाला. त्याच वर्षी मॅक्लारेनची माहिती रेनॉकडे सापडली, तेव्हा दोष सिद्ध होऊनही शिक्षा झाली नाही. २००८ साली बेल्जियममध्ये पहिल्या आलेल्या मॅक्लारेनच्या लुईस हॅमिल्टनच्या वेळेत २५ सेकंद वाढवून ती शर्यत फेरारीच्या फेलिपे मासाला देण्यात आली.

एवढी यादी वाचली की निकाल लागला असे वाटते, पण दुसऱ्या बाजूची यादीही तितकीच भक्कम आहे. २००२ साली फेरारीने २२१ गुण मिळवले, म्हणजे उरलेल्या सगळ्या संघांनी मिळून जितके मिळवले तितकेच, आणि लगेच पुढच्या वर्षी पहिल्या व दुसऱ्या क्रमांकातील गुणांचे अंतर कमी करणारी पद्धत आली. २००५ साली एकाच टायर-संचावर अख्खी शर्यत काढण्याचा नियम आला आणि फेरारीला १९ शर्यतींपैकी एकच जिंकता आली, तीही इंडियानापोलिसची, जिथे मिशेलिनचे टायर धोक्याचे ठरल्याने फक्त सहा मोटारी धावल्या. २००६ आणि २००८ या दोन्ही वर्षी, वर सांगितलेले निर्णय होऊनही, चालकांचे विजेतेपद फेरारीच्या हातून निसटले. फेरारीचा माजी प्रमुख ज्याँ तोद हा २००९ ते २०२१ अशी बारा वर्षे महासंघाचा अध्यक्ष होता, आणि नेमक्या त्या काळात फेरारीला एकही जगज्जेतेपद मिळाले नाही. २०१४ ते २०२१ अशी सलग आठ वर्षे संघांचे विजेतेपद मर्सिडीजकडे गेले. ज्याच्यावर मेहेरनजर आहे त्याची ही स्थिती असेल तर ती मेहेरनजर फारच दुबळी म्हणावी लागेल.

दोन्ही याद्या एकत्र ठेवल्या की एक तिसरी शक्यता पुढे येते. महासंघाला आणि त्याच्याकडून व्यापारी हक्क घेणाऱ्या कंपनीला एखादा संघ जिंकण्यापेक्षा चुरस टिकण्यात अधिक रस असतो, कारण विजेता आधीच ठरला की दूरचित्रवाणीचा प्रेक्षक उठून जातो. या दृष्टीने १९९९ सालचे मलेशियाचे प्रकरण जवळून पाहण्यासारखे आहे. १७ ऑक्टोबर रोजी सेपांगच्या नव्या मार्गावर फेरारीचे एडी आयर्वाइन आणि शूमाखर पहिले-दुसरे आले. शर्यतीनंतरच्या तपासणीत दोन्ही मोटारींची हवा वळवणारी उभी फळी, जिला बार्जबोर्ड म्हणतात, दहा मिलिमीटरने नियमाबाहेर असल्याचे तांत्रिक अधिकाऱ्यांना आढळले, फेरारीचा तांत्रिक संचालक रॉस ब्रॉन याने तो फरक पत्रकारांसमोर दाखवून दिला, आणि दोन्ही मोटारी बाद झाल्या. त्याबरोबर मॅक्लारेनचा मिका हॅकिनेन जगज्जेता ठरला, एक शर्यत शिल्लक असतानाच. मात्र आठवडाभरात पॅरिसमधील अपील न्यायालयाने निर्णय फिरवला: फळी मोटारीवर योग्य कोनात बसवून मोजली तर फरक पाच मिलिमीटरच्या मान्य सवलतीत बसतो आणि शर्यतीच्या ठिकाणी वापरलेली मोजण्याची पद्धत पुरेशी अचूक नव्हती, असे त्याने म्हटले. जपानमधील शेवटची शर्यत पुन्हा निर्णायक झाली. ती हॅकिनेनने जिंकली आणि ७६ विरुद्ध ७४ गुणांनी विजेतेपद मिळवले, संघांचे विजेतेपद मात्र १९८३ नंतर प्रथमच फेरारीकडे गेले.

ज्या वाचकाचा यंत्रकामाशी संबंध आहे त्याला हा निर्णय वरवर दिसतो तितका विचित्र वाटणार नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत, जिथे साचे, फिक्स्चर आणि गेज बनवण्याचे शिक्षण देणारी इंडो-जर्मन टूल रूम आहे आणि वाळूज-शेंद्र्यापर्यंतच्या वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणारे छोटे-मोठे कारखाने आहेत, तिथे जॉब कसा धरून मोजला यावर तो पास की रिजेक्ट हे ठरते ही रोजची गोष्ट आहे. ड्रॉइंगवर प्रत्येक मापापुढे टॉलरन्स, म्हणजे मापात किती कमी-अधिक चालेल याची मर्यादा, लिहिलेली असते. जॉब फिक्स्चरमध्ये नीट बसला नसेल तर मायक्रोमीटर खोटे बोलतो, आणि गेजच चुकीचा असेल तर चांगला माल भंगारात व वाईट माल डिस्पॅचला जातो. पण तिथे आणखी तीन गोष्टी पाळल्या जातात आणि त्या इथे अधिक महत्त्वाच्या आहेत. गेज ठरावीक मुदतीने बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासून त्याचे प्रमाणपत्र ठेवले जाते. शिस्तीच्या कारखान्यात क्वालिटीचा माणूस प्रॉडक्शनच्या प्रमुखाला उत्तरदायी नसतो, कारण ज्याला महिन्याचा आकडा गाठायचा आहे त्याच्या हाती नापास करण्याचा अधिकार दिला तर काहीच नापास होणार नाही. आणि माप चुकलेला माल घ्यायचाच असेल तर ग्राहक तो ‘डेव्हिएशन’वर घेतो, म्हणजे कोणते माप, किती नग, किती काळासाठी आणि कोणाच्या सहीने मान्य केले, हे कागदावर येते. सवलत देणे हा दोष नाही. सवलतीची नोंद नसणे हा दोष आहे, आणि मोटार शर्यतीच्या नियामकाने नेमका हाच दोष वारंवार केला आहे.

त्याचे सर्वांत ठळक उदाहरण २०२० चे आहे. फॉर्म्युला वनच्या इंजिनात त्या काळी ताशी १०० किलोपेक्षा अधिक इंधन जाऊ देता येत नसे आणि तो प्रवाह ध्वनिलहरींवर चालणाऱ्या मीटरने मोजला जाई. हा मीटर ठरावीक क्षणांच्या अंतराने नमुने घेत असल्याने दोन नमुन्यांच्या मधल्या फटीत अधिक इंधन सोडता येईल अशी शंका तज्ज्ञांना होती. २०१९ च्या उत्तरार्धात फेरारीने बेल्जियम, इटली आणि सिंगापूर अशा सलग तीन शर्यती जिंकल्या, सरळ रस्त्यावरचा तिचा वेग प्रतिस्पर्ध्यांच्या डोळ्यांवर आला, आणि महासंघाने चौकशी केली. २८ फेब्रुवारी २०२० रोजी, हंगामपूर्व सरावाच्या शेवटच्या दिवशी, एक छोटे निवेदन निघाले: चौकशी संपली, फेरारीशी तडजोड झाली, तपशील दोघांतच राहील. फेरारीचे इंजिन न वापरणाऱ्या सात संघांनी एकत्र येऊन त्याला जाहीर हरकत घेतली. त्यावर महासंघाने खुलासा केला की इंजिन सर्व वेळ नियमात चालत होते याबद्दल त्याचे पूर्ण समाधान झालेले नव्हते, परंतु उल्लंघन निर्विवाद सिद्ध करणे प्रकरणाच्या गुंतागुंतीमुळे शक्य नव्हते. त्या वर्षी संघांच्या क्रमवारीत फेरारी सहाव्या स्थानी घसरली. तिने नियम मोडला होता की नाही हे आजही कोणी सांगू शकत नाही, आणि म्हणून प्रत्येक जण आपापल्या मनाप्रमाणे सांगतो. फेरारी निर्दोष असेल तर या गुप्ततेने सर्वांत मोठा अन्याय तिच्यावरच केला.

गुप्ततेच्या मुळाशी पैसा आणि परस्परावलंबन आहे. १९५० पासून प्रत्येक हंगामात उतरलेला फेरारी हा एकमेव संघ आहे, आणि तो नसलेली स्पर्धा विकता येणार नाही हे महासंघापासून प्रायोजकापर्यंत सर्वांना ठाऊक आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी, इंजिन बाहेरून घेणाऱ्या बहुसंख्य ब्रिटिश संघांच्या विरोधात महासंघाला फेरारीचा आधार हवा होता, तेव्हापासून नियमबदल रोखण्याचा नकाराधिकार एकट्या फेरारीला मिळत आला, आणि सर्वांत जुना संघ म्हणून उत्पन्नातील वेगळा वाटाही. नियम पाळणाऱ्या एका खेळाडूला नियम अडवण्याचा करारसिद्ध अधिकार असेल तर पक्षपात सिद्ध करायचे राहतेच काय? तो लिहून दिलेला आहे, आणि अनेक वर्षे तो इतरांना नीट माहीतही नव्हता. युरोपीय आयोगाच्या दबावामुळे २००१ मध्ये महासंघाने व्यापारी हक्क शंभर वर्षांसाठी वेगळ्या कंपनीला भाड्याने दिले आणि नियम व व्यापार यांत भिंत उभी केली खरी, पण नकाराधिकार त्या भिंतीच्या अलीकडेच राहिला.

ही भिंत का लागते हे युरोपीय न्यायालयाने १ जुलै २००८ च्या एका निकालात सांगितले, ज्याची बातमी भारतात फारशी झाली नाही. ग्रीसमधील मोटोए या मोटारसायकल संघटनेला शर्यत भरवायची होती, पण सरकारी परवान्यासाठी एल्पा या संस्थेची संमती लागत असे आणि एल्पा स्वतःच शर्यती भरवून प्रायोजकांकडून पैसे मिळवत असे. स्पर्धकाच्या दुकानाचा परवाना दुसऱ्या स्पर्धकाच्या हाती देणारी आणि त्यावर कोणतेही नियंत्रण वा दाद मागण्याची सोय न ठेवणारी व्यवस्था समान संधीच्या तत्त्वाला धरून नाही, असे न्यायालयाने ठरवले. एल्पाने प्रत्यक्षात दुष्ट बुद्धीने संमती अडवली का, या प्रश्नात शिरण्याची न्यायालयाला गरजच पडली नाही.

भारतात हाच विचार क्रिकेटच्या निमित्ताने आला. मुंबईत मुख्यालय असलेल्या भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे पदाधिकारी एन. श्रीनिवासन ज्या इंडिया सिमेंट्सचे प्रमुख होते, तिने २००८ च्या लिलावात चेन्नईचा संघ घेतला, आणि पदाधिकाऱ्याला मंडळाच्या स्पर्धांत व्यापारी हितसंबंध ठेवण्यास मनाई करणारा नियम त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये आयपीएलसारख्या स्पर्धांपुरता शिथिल करण्यात आला. २२ जानेवारी २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती रद्द केली. त्या निकालातील सर्वांत मोलाची बाब अशी की श्रीनिवासन यांनी आयपीएलमधील सट्टेबाजीचे प्रकरण दडपले हा आरोप सिद्ध झाला नाही असेही न्यायालयाने त्याच वेळी नमूद केले. म्हणजे वैयक्तिक दोष सिद्ध न होताही रचना सदोष ठरली. माणूस सचोटीचा असला तरी एकाच व्यक्तीने पंच आणि मालक असू नये, कारण प्रेक्षकाचा विश्वास हाच खेळाचा पाया आहे आणि तो सचोटीच्या शपथांवर उभा राहत नाही. एफआयए आणि फेरारी यांच्यावरील तीस वर्षांच्या वादात असा एक परिच्छेद कोणी लिहिला असता तर बाकीच्या शेकडो लेखांची गरज उरली नसती.

आपल्याकडची मोटार शर्यत अजून लहान आहे, म्हणून हा प्रश्न दूरचा वाटतो. पण रचना लहानपणीच घडते. पुण्या-कोल्हापुरातून रॅलीचे आणि सर्किटवरचे चालक तयार होतात, अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी बाजासारख्या स्पर्धांसाठी मोटारी बांधतात, आणि रॅली व सर्किटच्या शर्यतींचे नियमन एफआयएशी संलग्न असलेली एफएमएससीआय ही राष्ट्रीय संस्था करते. भारतात या खेळाला जगवले ते प्रामुख्याने टायर कंपन्यांनी: एमआरएफ आणि जेके टायर यांनी संघ बाळगले, राष्ट्रीय स्पर्धांना नाव आणि पैसा दिला, टायरही पुरवले. त्यांच्याविना चेन्नई आणि कोइमतूरचे मार्ग ओस पडले असते, त्यामुळे त्यांच्या हेतूवर शंका घेणे कृतघ्नपणाचे होईल. तरीही आश्रयदाता, संघमालक आणि सामग्री पुरवणारा एकच असतो, तेव्हा नियामकाचे आणि तपासनिसाचे मानधन कोणत्या पैशातून येते, निर्णयाची कारणे लेखी दिली जातात का आणि हरलेल्या तरुण चालकाला दाद कुठे मागता येते, हे तीन प्रश्न विचारावेच लागतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात क्रीडा संस्थांवर देखरेख ठेवणारे राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणि वादांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरण यांची तरतूद आहे. क्रिकेट आणि कुस्तीच्या मोठ्या वादांबरोबरच, एखाद्या रॅलीत तांत्रिक तपासणीत बाद झालेल्या आणि मोजण्याच्या पद्धतीला आव्हान देणाऱ्या चालकाचे छोटे प्रकरणही या न्यायाधिकरणाने ऐकायला हवे आणि त्याचा निकाल कारणांसह प्रसिद्ध करायला हवा.