बारा तोंडांची वस्तू आणि हातातली माळ

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



आजच्या चिंतनासाठी एक वस्तू डोळ्यांपुढे आणू या. ती आपल्याकडची नाही. दूर युरोपातली, रोमन साम्राज्यातली, इसवी सनाच्या साधारण दुसऱ्या ते चौथ्या शतकातली आहे.

वस्तू काशाची, आतून पोकळ. तिला बारा बाजू आणि प्रत्येक बाजू पंचकोनी. प्रत्येक बाजूच्या मधोमध गोल भोक, पण भोकं एकसारखी नाहीत, लहान-मोठी. वीस कोपरे आणि प्रत्येक कोपऱ्यावर एक छोटी गोळी. कुठली लिंबाएवढी, कुठली चांगल्या मोठ्या संत्र्याएवढी.

१७३९ साली इंग्लंडमध्ये अशी एक वस्तू सापडल्याची पहिली नोंद झाली. आज शंभराहून जास्त मिळाल्या आहेत, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंड अशा देशांत. रोम ज्या इटलीत आहे, तिथे मात्र एकही नाही! २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या नॉर्टन डिस्ने या गावी गावातल्याच हौशी स्वयंसेवकांना खोदताना एक अगदी अखंड मिळाली, साधारण ८ सेंटिमीटरची.

ही कशासाठी होती? कोणी म्हणतं मेणबत्ती लावायला, कारण एकीत मेणाचे अंश सापडले. कोणी म्हणतं अंतर मोजायला. पण मोजायचं तर माप ठरलेलं हवं, आणि इथे आकार वेगवेगळे, वर आकडा नाही की खूण नाही. कोणी म्हणतं हातमोजे विणायला. पण रोजच्या वापराने होणारी झीज तिच्यावर दिसत नाही. काही तर नाण्यांच्या साठ्यात ठेवलेल्या मिळाल्या, म्हणजे मोलाची असणार. पूजाविधीतली असावी, असंही काही अभ्यासकांना वाटतं. पण रोमन लोकांच्या एकाही ग्रंथात, एकाही चित्रात तिचा उल्लेख नाही.

विचार करा, पोकळ काशाची अशी वस्तू ओतणं सोपं नाही. घडवणाऱ्याला माहीत होतं ती कशासाठी. घेणाऱ्यालाही माहीत होतं. कदाचित सगळ्यांनाच माहीत होतं, म्हणून कोणी लिहिलंच नाही. मग एक पिढी गेली, दुसरी गेली. काशाला काही झालं नाही, अर्थ तेवढा गेला.

आता आपल्या हातातली माळ बघा. १०८ मणी आणि एक मेरू. उद्या ती नुसती मातीत सापडली, तर कोणीही मणी मोजेल, वजन करेल. पण नाम त्यात कुठे सापडणार? ते जपणाऱ्याच्या मुखात होतं.

नातवंडं विचारतात, "आजी, मेरू का नाही ओलांडायचा?" आणि घाईत आपण म्हणतो, "नाही ओलांडायचा, बस्स!" वस्तूचं कोडं व्हायला सुरुवात होते ती इथेच. मेरू हे गुरूंचं स्थान मानतात, म्हणून तिथून माळ फिरवून घेतात, एवढं सांगायला कितीसा वेळ लागतो? आपण इंदूर, बडोदा, हैदराबादला राहणारी माणसं. मुलांची शाळेची भाषा वेगळी. घरात सांगितलं नाही तर त्यांना बाहेर कोण सांगणार?

आणि माहीत नसेल तर? या वस्तूपुढे मोठमोठे विद्वानही सरळ म्हणतात, "आम्हाला माहीत नाही." तेवढी नम्रता आपल्यातही असू दे. उगाच फॉरवर्ड आलेलं "शास्त्रीय कारण" मुलांच्या माथी मारू नका. वडीलधाऱ्यांना विचारा. ते आहेत तोवरच विचारता येतं.

या आठवड्याची सेवा: आपल्या देवघरातली एक वस्तू निवडा. घरातल्या सर्वांत मोठ्या व्यक्तीला तिच्याबद्दल विचारा आणि त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून घरच्या ग्रुपवर टाका. मुलं जवळ बसलेली असतील तर फारच छान.

॥ श्रीगुरुचरणी अर्पण ॥