पार्वतीबाईंची प्रतीक्षा : विवाह, सत्ता आणि सत्याचा निवाडा

ऐतिहासिक चित्रपटात राजकुळातील विवाहाची जागा बहुधा ठरलेली असते. नायकाचा पराक्रम सिद्ध होतो, प्रीती त्याची दखल घेते आणि विवाहाच्या पाठोपाठ सत्तेच्या शिखराकडे प्रवास सुरू होतो. आशुतोष गोवारीकर यांचा 'पानिपत' (२०१९) हा हिंदी चित्रपट याच आराखड्यावर उभा आहे. उदगीरच्या विजयापासून उत्तरेच्या मोहिमेच्या नेतृत्वापर्यंतचा सदाशिवरावभाऊंचा उत्कर्ष आणि त्याला समांतर असा पार्वतीबाईंशी झालेला विवाह, अशी त्याची दुपदरी वीण आहे. चित्रपटाने पार्वतीबाईंना वैद्यकीचे ज्ञान दिले, निवेदनाचा आवाजही दिला. तथापि या विवाहातला खरा नैतिक पेच १४ जानेवारी १७६१ नंतर सुरू होतो, आणि चित्रपटाच्या कथनाचा सारा भार त्या तारखेपर्यंतच्या घटनांवर आहे.

पार्वतीबाई या पेणच्या कोल्हटकर घराण्यातील. चिमाजीअप्पांचे पुत्र सदाशिवरावभाऊ यांच्या त्या द्वितीय पत्नी. मोहिमेत त्या भाऊंबरोबर होत्या आणि पानिपतच्या संहारातून जिवंत परतल्या. भाऊ परतले नाहीत. काशीराजाच्या वृत्तांतात मस्तकहीन धड सापडल्याचे व अंगावरील खुणांवरून ते ओळखले गेल्याचे सांगितले आहे. परंतु ही ओळख पुण्यापासून शेकडो कोसांवर, शत्रूच्या छावणीत झालेली. मराठी लोकस्मृतीत मात्र भाऊ गर्दीत नाहीसे झाले एवढेच उरले. 'भाऊगर्दी' हा शब्द तिने याच प्रसंगाशी जोडून ठेवला आहे. या अनिश्चिततेच्या आधाराने पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारण्यास नकार दिला. १७८३ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत, म्हणजे सुमारे बावीस वर्षे, त्या सौभाग्यवती म्हणून राहिल्या. आणि भाऊंचे उत्तरकार्य झाले ते त्यांच्या उत्तरकार्याबरोबर.

या वर्तनाचे दोन अर्थ परंपरेने लावले जातात. पहिला करुणेचा : आघात असह्य झाल्याने सत्याकडे पाठ फिरवलेली ही स्त्री आहे. दुसरा गौरवाचा : ही पातिव्रत्याची पराकाष्ठा आहे. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन अर्थांत एक गृहीत समान आहे. दोन्ही ठिकाणी पार्वतीबाईंची कृती भावनेच्या कोटीत टाकली जाते, निर्णयाच्या नव्हे. त्यांच्या मनात काय होते याचा लेख नाही, आणि त्याचा निवाडा करणे हे समीक्षेचे कामही नाही. त्यांच्या वर्तनाचा अर्थ मात्र लावता येतो. त्यासाठी 'भाऊ जिवंत आहेत' असे विधान करणे आणि 'भाऊ मृत आहेत' या विधानाला संमती न देणे, यांतील फरक ध्यानात घ्यावा लागतो. पहिल्यास पुरावा लागतो. दुसऱ्यास पुरावा लागत नाही. किंबहुना तेथे पुराव्याची जबाबदारी समोरच्या पक्षावर जाते.

हा फरक तार्किक कसरत म्हणून मांडलेला नाही. अठराव्या शतकातील ब्राह्मण कुटुंबात 'पती मृत आहे' हे विधान नुसते वर्णन नव्हते. त्याच्या उच्चारासरशी कुंकू पुसले जाई, केशवपन होई, स्त्रीचे सामाजिक अस्तित्वच बदलून जाई. ज्या वाक्याने देहावर शासन होते, त्याला संमती देण्यापूर्वी खात्री मागण्याचा अधिकार त्या देहाला आहे की नाही, हा येथील नैतिक प्रश्न आहे. शास्त्राकडे त्याचे एक उत्तर तयार होते. बेपत्ता व्यक्तीची बारा वर्षे वाट पाहून प्रतिकृतीचे दहन करावे आणि पुढील विधी उरकावेत, अशी तरतूद धर्मशास्त्रात आहे. तिचे प्रयोजन कालमर्यादा घालण्याचे आहे. समाजाचे व्यवहार अनंतकाळ खोळंबून चालत नाहीत. भाऊंच्या बाबतीत बारा वर्षे उलटली, तरी पार्वतीबाईंचे सौभाग्य अबाधित राहिले. शास्त्राची मुदत येथे एका स्त्रीच्या असंमतीपुढे थांबली.

प्रश्न अधिक बिकट झाला तो तोतयामुळे. माधवराव पेशव्यांच्या काळात स्वतःस भाऊ म्हणवणारा एक इसम उत्तरेत प्रकट झाला. त्याला आणून चौकशी झाली, तो खोटा ठरला आणि कैदेत पडला. १७७६ मध्ये रत्नागिरीच्या कैदेतून सुटताच त्याच्याभोवती बंड उभे राहिले. ते कोकणपट्टीने उत्तरेकडे चढत बोरघाटावरील राजमाचीपर्यंत पोहोचले. पेण आणि रोहे हा मुलूख याच पट्टीतला. म्हणजे खोट्या भाऊंच्या नावाचा गाजावाजा खऱ्या भाऊंच्या सासुरवाडीपर्यंत येऊन ठेपला होता. पराभवानंतर तोतया समुद्राकडे पळाला, कुलाब्याच्या रघूजी आंग्र्यांच्या हाती सापडला आणि त्याच वर्षी पुण्यात त्याला देहान्त शासन झाले.

सत्तेने येथे एका प्रश्नाचे उत्तर दिले : हा मनुष्य भाऊ नव्हे. परंतु त्यावरून भाऊ हयात नाहीत असे सिद्ध होत नाही. तोतयाच्या पाठीशी गेलेल्यांनी आशेचे रूपांतर ओळखीत केले. दरबाराच्या निवाड्याने ती ओळख रद्द केली. पार्वतीबाईंचे सौभाग्य या निवाड्यानंतरही सात वर्षे टिकले. त्यांची प्रतीक्षा तोतयाच्या खरेपणावर अवलंबून नव्हती, हे त्यावरून दिसते. सोळाव्या शतकातील फ्रान्समध्ये मार्तँ गेर याच्या घरी त्याच्या नावाने दुसराच पुरुष येऊन राहिला. पत्नीने त्याला पती म्हणून स्वीकारले आणि १५६० मध्ये खटल्याअंती त्याला फाशी झाली. १९८२ च्या फ्रेंच चित्रपटाने पत्नीची ती ओळख कथानकाच्या मध्यभागी आणली. मराठीत हा विषय हाताळताना न. चिं. केळकरांच्या नाटकाला शीर्षक मिळाले ते 'तोतयाचे बंड'. बंड हा सत्तेचा प्रश्न आहे. ओळख हा विवाहाचा. मराठी ऐतिहासिक कथनाने पहिल्याला प्राधान्य दिले.

त्याच घराण्यातील दुसऱ्या स्त्रीशी तुलना केली असता हे अधिक स्पष्ट होते. १७७२ मध्ये थेऊरला माधवरावांच्या पाठोपाठ रमाबाई सती गेल्या. रणजित देसाईंच्या 'स्वामी'ने (१९६२) आणि 'रमा माधव' (२०१४) या चित्रपटाने ते दांपत्य मराठी मनात स्थिर केले. सतीच्या कथेला शेवट असतो, आणि तो भव्य असतो. प्रतीक्षेला तो नसतो. तेथे रोजचे कुंकू असते, सणवार असतात, कुजबूज असते. या पुनरावृत्तीतून नाट्य उभे करणे अवघड असल्याने आपली कथनपरंपरा तिला शोकाचा एखादा प्रसंग देऊन पुढे जाते.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागतो. पार्वतीबाईंचा नकार टिकला, कारण त्या पेशव्यांच्या घरच्या होत्या. पेणच्या खारेपाटातून वा रोह्याच्या कुंडलिकाकाठावरून मोहिमेवर गेलेल्या एखाद्या शिपायाच्या पत्नीला बावीस वर्षांची अनिश्चितता कोणी परवानगी देऊन बहाल केली नसती. म्हणजे ज्या सत्तेने विवाहाला केवळ पायरी मानले, तिच्याच आश्रयाने हा नकार शक्य झाला. हा आक्षेप खरा आहे आणि तो पुसून टाकता येत नाही. मात्र त्याने पार्वतीबाईंचा अधिकार खोटा ठरत नाही. तो इतर सर्वजणींना नाकारला गेला, एवढे सिद्ध होते. एखादा हक्क विशेषाधिकाराच्या रूपाने प्रथम दिसला, म्हणून त्याचे हक्कपण नाहीसे होत नाही.

पार्वतीबाईंच्या हाती तलवार दिली किंवा त्यांना निवेदक केले, म्हणजे त्यांना कर्तेपण मिळाले, असा समज अलीकडच्या ऐतिहासिक चित्रपटांत बळावला आहे. त्यांचे कर्तेपण इतिहासात आधीच होते. एका वाक्याला होकार न देता त्यांनी घराणे, शास्त्र आणि दरबार या तिघांनाही थांबवून ठेवले. रणांगण संपल्यावर उरणारा हा दीर्घ, घटनाशून्य काळ कथनात सामावून घेणे ही कलेची खरी अडचण आहे. ज्या ऐतिहासिक कलाकृतीचा विषय विवाह असल्याचे सांगितले जाते, तिचे मूल्यमापन करताना समीक्षेने ही अडचण तिने पत्करली की टाळली, हे प्रथम पाहिले पाहिजे.