हिम मोजणारे

अमेरिकेत बफेलो शहराजवळ ईरी सरोवर आहे. गार वारा त्याच्या ऊबदार पाण्यावरून वाफ उचलतो नि काठावर हिम ओततो. नोव्हेंबर २०२२ मध्ये शेजारच्या ऑर्चर्ड पार्क गावी सुमारे ८० इंच पडले! तिकडचे हौशी लोक अशा रात्री जागतात. फळीवर पट्टी उभी धरून हिम मोजायचे, आकडा कळवायचा, फळी पुसून पुन्हा मांडायची. ‘आणखी पडू दे’ असे मनात येतेच. हे पाप म्हणावे काय? आम्हांस नाही वाटत. कुणाच्या इच्छेने ढग हलत नाही. त्या आकड्यांचा मात्र वेधशाळेला उपयोग होतो. पण पुढच्याच महिन्यात तिथे हिमवादळाने चाळिसांवर माणसे गेली. काही तर घरातच गारठून. मग पट्टी घेऊन बाहेर पडलेल्याने शेजारच्या म्हातारीचे दार बुजले का, हेही पाहायला नको का?