कोपरा राखून ठेवा

शास्त्रपाठ : लेवीय १९:९-१०



आपल्या घरामागे चार वाफे असोत किंवा सज्जात मांडलेल्या पाच-सहा कुंड्या असोत, एखाद्या सकाळी ऊन चढू लागले म्हणजे तेथे अर्धा तास स्वस्थ बसून पाहा. मोहोळातील मधमाशी आपल्या परिचयाची आहे. परंतु तिच्या काही अनोळखी भगिनीही तेथे येतात. एक गुलाबाच्या पानाचा कडेचा तुकडा कात्रीने कापावा तसा गोल कापून नेते. दुसरी, पोटावर निळसर पट्टे असलेली, टोमॅटोच्या फुलाला बिलगून आपले अंग थरथरविते आणि त्या कंपनाने आतील पराग बाहेर पडतात. हे काम मोहोळातील मधमाशीला साधत नाही. शेवग्याच्या फुलोऱ्यावर काळा, धिप्पाड भुंगा गुणगुणत असतो. मधमाशी व तिच्या ह्या भगिनी मिळून जगात २०,००० हून अधिक जाती आहेत. त्यांपैकी मोहोळ बांधणाऱ्या थोड्याच. बहुसंख्य माश्या एकट्या राहतात. कोणी उघड्या जमिनीत बीळ करते, कोणी मातीच्या भिंतीत, तर कोणी पोकळ काडीत. राखावयास मधाचा साठा नसल्यामुळे त्या सहसा डंखही मारीत नाहीत.

येथे मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी नाताळ जवळ आला तेव्हा आवार स्वच्छ करण्याचा मी चंग बांधला. वाळक्या काड्या जाळल्या, जुना ओंडका हलविला, कोपऱ्यातील जमिनीत बारीक भोके दिसली ती मुंग्यांची समजून त्यांत कीटकनाशक ओतले आणि वर फरशी घातली. आल्यागेल्याने कौतुक केले. पुढच्या पावसाळ्यात लाल भोपळ्याचा वेल मांडवभर पसरला, भरभरून फुलला. परंतु कोवळी फळे पिवळी पडून गळू लागली. शेजारच्या बागेतील वृद्ध माळीकाकांनी आधी वेलाकडे व मग फरशीकडे पाहिले. “पाळकसाहेब, खत कमी नाही. फुलांवर माशीच नाही. तुम्ही तिचं घर मोडलंत,” ते म्हणाले. मग रोज पहाटे नरफूल खुडून ते मादीफुलाला लावीत मी वेलाखाली उभा राहू लागलो. जी सेवा देवाने मला विनामूल्य दिली होती, तिचे मोल मला तेव्हा कळले.

त्या दिवसांत लेवीयातील हे वचन माझ्यासमोर आले. शेताची कापणी करताना कोपऱ्यापर्यंत कापू नये, पडलेला सरवा वेचू नये, ते गरीब व परके ह्यांच्यासाठी राहू द्यावे, अशी परमेश्वराने आपल्या लोकांना आज्ञा केली. ही आज्ञा मनुष्यांकरिता होती हे खरे. परंतु निर्गम २३:११ मध्ये सातव्या वर्षी पडीक ठेवलेल्या जमिनीतील वाटा देव रानातील पशूंनाही देतो. जमीन आपली नव्हे, त्याची आहे. आपण केवळ कारभारी आहोत. आणि राखलेल्या सरव्यातून काय निघाले, ते आठवा. परकी रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचावयास गेली. तिच्या वंशात दावीद जन्मला आणि दाविदाच्या वंशात आपला तारणारा. बवाजाने शेवटचे कणीसही कोठारात नेले असते तर?

आता पुन्हा त्या पानकापी माशीकडे वळू. पानाचे तुकडे गुंडाळून ती विड्यासारखी कुपी करते, तीत पराग व मकरंद ठेवते, एक अंडे घालते आणि कुपी बंद करते. मग दुसरी कुपी, मग तिसरी. तिचे आयुष्य थोड्या आठवड्यांचे. पिल्ले बाहेर येतात तेव्हा बहुधा ती ह्या जगात नसते. ज्यांचे मुख ती कधी पाहणार नाही त्यांच्यासाठी ती शिदोरी बांधून ठेवते.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी कित्येक जण नोकरीनिमित्त दूरच्या प्रांतांत राहतात. तेथे मराठी मंडळी नाही, मराठी उपासना नाही. रात्री मुलांना जवळ घेऊन एखादी आई एकटीच शास्त्र वाचते आणि मनात म्हणते, ह्याचा काय उपयोग? माउली, तू कुपी भरीत आहेस. पेरणारा एक व कापणारा दुसरा, हे प्रभूने शोमरोनाच्या वाटेवर आपल्या शिष्यांना सांगितले (योहान ४:३७). पीक तुझ्या डोळ्यांना दिसले नाही म्हणून तुझी पेरणी वाया गेली असे समजू नकोस.

आणि ज्यांच्या मंडळ्या भरलेल्या व नीटनेटक्या आहेत, त्यांनी स्वतःस विचारावे : आमच्या आवारात, वेळापत्रकात, अंदाजपत्रकात परक्यासाठी कोपरा उरला आहे काय? की आम्ही सर्वत्र फरशी घातली आहे?

बागेपासूनच आरंभ करा. उन्हातील हातभर जमीन न खणता, न झाकता ठेवा. एका टोकाला पेर असलेल्या बांबूच्या पोकळ कांड्यांची जुडी पावसापासून आडोशाला बांधा. सब्जा व कोथिंबीर थोडी फुलू द्या. फुलांवर विष फवारू नका. पसरट ताटलीत खडे टाकून पाणी ठेवा. मग वाट पाहा. मी कोपऱ्यातील फरशी काढली. पहिले वर्ष रिकामे गेले. दुसऱ्या वर्षी त्या मातीत बारीक भोके पुन्हा दिसली. देवाची क्षमा माझ्या अंगणात अशी परत आली.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, तुझ्या लहान सेवकांची घरे आम्ही नकळत मोडली, त्याची आम्हांस क्षमा कर. आमच्या जीवनात तुझ्यासाठी व परक्यासाठी कोपरा राखावयास शिकव. जे एकटे श्रम करतात त्यांना धीर दे. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.