पुसायचं राहिलेलं गाणं

आखाजीला आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात. निंबाला झोके बांधतात, खापरावरचे मांडे नि आमरस होतो, आणि दुपारभर गाणी. २००५ सालच्या आखाजीला मी टेपरेकॉर्डर झोक्याजवळ ठेवला होता. आत्या तेव्हा साठीच्या. गळा असा, की पलीकडच्या गल्लीतल्या बायाही ओट्यावर येऊन बसायच्या.

कॅसेटींना बुरशी लागायच्या आत मी त्या कॉम्प्युटरवर चढवल्या. एकेक गाणं तोडून त्याची एमपीथ्री फाइल केली, प्रत्येकीला नाव दिलं. पुण्याहून भाच्याने आणलेल्या आयपॉडमध्येही भरली. मग एकदा आत्यांना स्पीकरवर ऐकवली. सगळ्या गाण्यांना त्या हसल्या, एका गाण्याला मात्र गप्प झाल्या. त्यात सासऱ्यांचं नाव होतं. एका आखाजीला माहेरी धाडलं नाही नि रात्रभर बाहेर उभं केलं, ती हकिकत होती.

"भाऊ, तेवढं पुशी टाक. कोणले ऐकाडू नको."

मी त्यांच्यासमोरच पुसलं. आयपॉड तेव्हा भाच्याबरोबर पुण्यात होता. पुढे भारनियमनाच्या दिवसांत, वीज येता-जाता एकदा हार्डडिस्क बसली ती बसलीच. सगळी गाणी गेली. काही वर्षांनी आत्याही गेल्या.

भाच्याने मोबाइल घेतला तेव्हा आयपॉड माझ्याकडे आला. नव्या कॉम्प्युटरला जोडला तर पडद्यावर प्रश्न: हा दुसऱ्या लायब्ररीशी जोडलेला आहे, यातलं सगळं पुसून नवी लायब्ररी भरू का? नवी लायब्ररी तर रिकामी! सिंक म्हणजे दोघांचा मेळ, असं मी समजत होतो. इथे कॉम्प्युटर सांगणार नि त्या डबीने मुकाट ऐकायचं. हा कसला मेळ, हे तर सासर झालं.

जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या एका पोराने सांगितलं, "काका, नाही म्हणा. आणि लपलेले फोल्डर दिसतील असं करा." तसं केलं. गाणी होती, पण फाइलींची नावं चार-चार अक्षरांची, अर्थ नसलेली. मी पूर्वी लिहिलेली नावं फाइलींच्या पोटात टिकून होती. लायब्ररीत टाकल्यावर ती एकेक करून वर आली. त्यातच ते गाणं. पुसल्यानंतर सिंक झालंच नव्हतं, म्हणून ते राहिलं होतं.

आता काय करायचं? आसोद्याच्या बहिणाबाई डोळ्यांपुढे आल्या. स्वतः निरक्षर, त्यांची गाणी सोपानदेवांनी जपली. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. ते झालं नसतं तर आपण किती गरीब राहिलो असतो! हे उदाहरण मी आठ दिवस मनात घोळवलं, कारण ते मला सोयीचं होतं. पण बहिणाबाईंची गाणी सोडवून घेताना सोपानदेवांना कुणाला दिलेला शब्द मोडावा लागला, असं कुठे ऐकलं नाही. मी शब्द दिला होता.

झोक्यावर तेच गाणं आत्या कितीदा म्हणाल्या असतील. तिथे दहाजणी एकदम गातात, कुणाचा सासरा हे कुणी विचारत नाही. डबीत गेल्यावर ती साक्ष होते. आत्यांना कदाचित त्याचीच भीती वाटली. आणि ते सासरे म्हणजे माझ्या आतेबहिणीचे आजोबा, तिला खांद्यावर घेऊन पोळ्याचे बैल दाखवणारे.

ती या आखाजीला धुळ्याहून आली. आईची सगळी गाणी दे म्हणाली. मी मेमरी कार्ड दिलं आणि मग राहवेना, सांगितलं, "एक कमी आहे. आत्यांनी पुसायला लावलं होतं."

"दादा, तू ऐकलंय ना ते?"

"हो."

"मग तुझ्यातून कुठे पुसलं गेलं?"

मला उत्तर सुचलं नाही. तिने ते गाणं मागितलंही नाही. संध्याकाळी एसटीत बसल्यावर खिडकीतून म्हणाली, "त्या डबीची बॅटरी उतरू देऊ नको. महिन्याला चार्ज करत जा."