बेआत्रीचेच्या हातची तलवार

दान्तेने बेआत्रीचेला पहिल्यांदा पाहिले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. पुढे तिचे लग्न दुसऱ्याशी झाले आणि १२९० साली, पंचविशी गाठण्याआधीच, ती गेली. तिचे स्वतःचे एक अक्षरही आपल्यापर्यंत पोचलेले नाही. आपल्याला ठाऊक आहे ती दान्तेने पाहिलेली, आठवलेली, स्वर्गात नेऊन बसवलेली बेआत्रीचे. तरी त्याच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’त ती मुकी नाही. पापक्षालनाच्या पर्वतावर भेटताच ती दान्तेला खडसावते, नावाने हाक मारते. साऱ्या महाकाव्यात कवीचे नाव येते ते तेवढ्या एकाच ठिकाणी, तिच्या तोंडून. मला या काव्यातली तीच बेआत्रीचे सर्वांत खरी वाटते.

शेक्सपिअरने हेच नाव ‘मच अडू अबाउट नथिंग’मधल्या मेसिनाच्या एका तल्लख तरुणीला दिले. नात्यातल्या बहिणीवर भर लग्नात खोटा आळ येतो, तेव्हा आपण पुरुष नाही म्हणून ती जळफळते. बुद्धी आहे, जीभ आहे, संताप आहे; पण आळ घेणाऱ्याला आव्हान द्यायला तिला तिच्यावर जीव जडलेल्या बेनेडिकलाच गळ घालावी लागते. तलवार त्याच्या कमरेला.

म्हणून बेआत्रीचे व्हिओ मला मोलाची वाटते. इटली तिला ‘बेबे’ म्हणते. तिचा जन्म १९९७चा, व्हेनिसचा. लहानपणीच ती तलवारबाजी शिकू लागली. अकराव्या वर्षी मेंदूज्वराने तिचे दोन्ही हात कोपराखालून आणि पाय गुडघ्याखालून गेले. ती पुन्हा खेळायला आली ती डाव्या हाताच्या उरलेल्या भागाला फॉइल ही तलवार जोडून. २०१६ साली रिओत आणि २०२१ साली टोकियोत तिने पॅरालिम्पिकचे वैयक्तिक सुवर्णपदक जिंकले.

या खेळात व्हीलचेअर जमिनीवरच्या चौकटीत घट्ट बसवलेली असते. माघार घ्यायला जागाच नाही. वार चुकवायचा तो धड मागे झुकवून आणि करायचा तोही धड पुढे झोकून. पायांवर उभे राहून खेळायच्या तलवारबाजीत क्षणभर उसंत मिळते, तीही इथे नसते. टोक धडावर बरोबर लागले की दिवा लागतो. पंच निवाडा देतात ते वार पाहून, वार करणाऱ्याची कहाणी ऐकून नव्हे.

पण कौतुकाच्या भरात आपण तिला पुन्हा देवदूत करतो. जिद्दीचे प्रतीक, प्रेरणेचा झरा. दान्तेने तरुण विवाहितेचे जे केले तेच आपण एका खेळाडूचे करतो, आणि दान्तेची प्रतिभा आपल्याजवळ नाही. बेबेचा लढा पाहताना तिच्या टोकाचा वेग पाहावा, अंतराचा तिचा अंदाज पाहावा, प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावरून ती पुढचा वार कसा ओळखते ते पाहावे.

तेच नाव इंग्रजी वळणाने घेतलेल्या केनियाच्या धावपटू बिॲट्रिस चेबेटचेही तसेच. २०२५ साली तिने ५००० मीटर १३ मिनिटे ५८.०६ सेकंदांत धावून संपवले. चौदा मिनिटांच्या आत येणारी ती पहिली स्त्री. तिच्याविषयी लिहायचे तर आधी त्या शर्यतीतल्या तिच्या अखेरच्या फेऱ्यांविषयी लिहायला हवे.