खिडकीतला दुपट्टा

लग्नसराईत वर्ध्याहून आर्वीच्या बसला बसायला जागा हवी, तर खिडकीतून आधी दुपट्टा टाकावा लागतो. मागून चढणारा कितीही धडधाकट असो, दुपट्टा दिसला की तो दांडा धरून उभा.

गेल्या महिन्यात घशासाठी पाच दिवस अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतल्या. घसा सुटला, पोट बिघडलं. गोळीला आपलं-परकं कळत नाही. ती भरलेली बस रिकामी करत जाते. मग क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसारखा, एरवी कोपऱ्यात अंग चोरून बसणारा जंतू एखाद्याच्या आतड्यात ऐसपैस पसरतो.

चांगले जंतू वाईटांना मारतात, असं आपण सहज म्हणतो. काही मारतातही, बॅक्टेरिओसिन नावाची प्रथिनं त्यासाठीच. पण बरंचसं काम जागा अडवण्याचं. आतड्याच्या अस्तराला चिकटायचं, साखर आधी फस्त करायची, लॅक्टिक आम्ल सोडून आजूबाजूला आंबट करून ठेवायचं. मे महिन्यात ओट्यावर राहिलेलं दूध नासतं आणि विरजण लावलेलं टिकतं, ते या आंबटपणामुळेच.

पण जागा अडवायची तर आतड्यात टिकावं लागतं, म्हणून घरचं दही औषध ठरत नाही. त्यातले बरेच जंतू जठराच्या आम्लातच गारद होतात, उरलेले चार थांब्यांनी उतरतात.

ओडिशात मात्र निवडून घेतलेला लॅक्टोबॅसिलस प्लांटेरम, त्याच्या खाद्यासकट, नवजात बाळांना आठवडाभर दिला. बाळं साडेचार हजारांवर. 2017 साली ‘नेचर’मध्ये निकाल आला: जंतुदोष आणि मृत्यू मिळून प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर. बाळाचं आतडं म्हणजे फलाटाला नुकतीच लागलेली गाडी. पहिला दुपट्टा कुणाचा पडतो, त्यावर बरंच काही ठरतं. पुढे कमी वजनाच्या बाळांवर देशात अनेक ठिकाणी अशी चाचणी झाली, त्यात आपल्या सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थाही होती. हे वाचून कुणी तान्ह्या बाळाला दही चाटवू नये, एवढं मात्र सांगतो.

परवा फ्रीज धुताना विरजणाची वाटीही घासली गेली. शेजारच्या काकूंकडे गेलो.

“घ्या जी, चमचाभर पुरते,” त्या म्हणाल्या, “संक्रांतीला तुमच्याकडूनच तर आणलं होतं.”